निर्मळने घासलेला हौद

चार दिवस सलाईनवर पडून असलेल्या कान्हाने मंगळवारी सकाळी डोळे उघडले आणि डब्यात काय आणलंय, असं विचारलं. त्याला तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या की धोका टळला, उद्या घरी न्या. ते ऐकून शलाकाची आई कॉटच्या कडेवर बसली, ती बराच वेळ उठलीच नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच ती स्वस्थ बसली होती.

शलाका मात्र व्हरांड्यात जाऊन रडू लागली. रडण्याचं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. कान्हा आजारी पडला त्याच्या आदल्या दिवशी शाळेतून येताना तिने झाडावरचा पेरू तोडला होता आणि न धुताच अर्धा त्याला दिला होता. तेव्हापासून चार दिवस तिला वाटत होतं की भावाचे हे हाल आपल्यामुळेच झाले.

व्हरांड्याच्या बाकावर कुंदाआजी बसली होती. ती शलाकाच्या आईची मावशी. डॉक्टर कुंदा वैती म्हणजे सूक्ष्मजीवांच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा जीवांच्या) अभ्यासात सारी हयात घालवलेली बाई. तरुणपणी ती शिकायला जर्मनीत, हँबुर्ग शहरात होती. आता निवृत्त होऊन ती वेळूपाटला राहायला आली होती, पण दोन खोल्यांच्या घरात एक खोली सूक्ष्मदर्शकाची आणि काचेच्या बशांचीच होती. नातीला रडताना पाहून तिने जवळ बोलावलं. शलाकाने हुंदके देत पेरूची हकिगत सांगून टाकली.

आजीने ती नीट ऐकून घेतली. मग तिने विचारलं, "उरलेला अर्धा पेरू कोणी खाल्ला?"

"मीच."

"आणि तू ठणठणीत आहेस. अर्थात एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, एकाला बाधतं ते दुसऱ्याला बाधतंच असं नाही. पण मला सांग, तुमच्या सूतगल्लीत किती घरांत माणसं आजारी आहेत?"

शलाकाने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि ती थांबली. बोटं पुरेनात.

"मग तो एक पेरू एवढ्या घरांत कसा गेला?" आजी म्हणाली. "कागद घे. घरोघर जा. आजारी कुठे आहे आणि कुठे नाही, दोन्ही लिही. आणि आईला सांग, आजपासून घरात उकळलेल्या पाण्याखेरीज थेंब प्यायचा नाही. शेजारीपाजारीही सांग."

वेळूपाट हे नगर वसून अवघी वीस वर्षं झाली होती. समुद्र चढत चढत किनाऱ्यावरच्या गावांत शिरला, तेव्हा तिथल्या कुटुंबांना घाटाच्या पायथ्याशी ही नवी वस्ती बांधून दिली गेली. शलाकाचे आजोबा होडी हाकत असत. तिचे बाबा आता केळीच्या सोपटाचं (खोडाच्या सालीचं) सूत काढणाऱ्या कारखान्यात यंत्र चालवत. बाकीच्या गल्ल्याही अशाच कामगारांनी भरलेल्या होत्या. महिन्याभरापूर्वी घाटात मोठी दरड कोसळली होती. रस्ता बंद झाल्यामुळे पाण्यात टाकायच्या क्लोरीनचे पिंप नगरात येऊ शकले नव्हते. त्याच दरडीखाली वरच्या गावाची सांडपाण्याची नळी फुटली होती आणि तिचं पाणी नदीत मिसळत होतं. पाणीखात्याने लोकांना धीर दिला होता की नदीचं पाणी वाळूच्या गाळणहौदातून गाळूनच घरी येतं, घाबरण्याचं कारण नाही.

शलाका दुपारपर्यंत फिरली आणि कागद घेऊन आजीच्या घरी आली. कागदाकडे पाहताना तिलाच काही कळेना. सूतगल्लीत डाव्या ओळीत बावीस घरं आणि उजव्या ओळीत बावीस. डावीकडे चौदा घरांत माणसं आजारी होती. उजवीकडे फक्त एका. मधला रस्ता इतका अरुंद की दोन माणसांनी हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागावेत. हवा एकच होती, भाजीवाली एकच होती, मुलांची शाळाही एकच होती.

आजीने दोन गोष्टी विचारल्या. उजवीकडचं ते एकच आजारी घर कोणाचं? शलाका म्हणाली की ते पार्थचं. तो कान्हाचा मित्र, सारा वेळ आमच्याच घरी असतो, पाणीही आमच्याच माठातलं पितो. मग डावीकडच्या आठ निरोगी घरांत काही निराळं आहे का? बाकीच्या सात घरांचं शलाकाला सांगता येईना. पण आठवं घर गाणं शिकवणाऱ्या तारकरबाईंचं होतं. गळ्याला जपायचं म्हणून त्या घरात कोणी कधी न उकळलेलं पाणी पीत नसे.

आजी उठली. तिने टेबलावरचं त्रिमितीदर्शक (वस्तू हवेत उभी असल्यासारखी दाखवणारं यंत्र) सुरू केलं. टेबलावर वीतभर उंचीचं एक शहर उभं राहिलं. रुंद नदी, तिच्यात जहाजांची दाटी, धूर ओकणारी धुराडी आणि एकमेकांना चिकटलेल्या उंच, काळपट इमारती.

"हे हँबुर्ग," आजी म्हणाली. "साल अठराशे ब्याण्णव. तुमच्या गल्लीसारखीच एक गल्ली मला तुला दाखवायची आहे."

त्या काळी युरोपात वाफेच्या यंत्रांवर चालणारे कारखाने उभे राहिले होते, असं तिने सांगितलं. खेड्यांतून लाखो माणसं कामासाठी शहरांत आली. शहरं वाढली, पण पाणी आणि गटारं त्या वेगाने वाढली नाहीत. एका खोलीत दहा-दहा माणसं राहत. नदीतच सांडपाणी जाई आणि नदीचंच पाणी लोक पीत. साथी येत, हजारो माणसं मरत, आणि शहाणीसुरती माणसंदेखील म्हणत की दुर्गंधीने हवा बिघडते आणि त्या हवेने रोग होतो.

"वास येतो म्हणजे रोगही तिथूनच येत असणार, असं वाटणं साहजिक होतं," आजी म्हणाली. "जंतू साध्या डोळ्यांना कुठे दिसतात?"

हँबुर्गला लागूनच आल्टोना नावाचं दुसरं शहर होतं. दोन्ही शहरं एल्ब नदीचं पाणी पीत. हँबुर्ग आपलं पाणी शहराच्या वरच्या अंगाला, नदी त्यातल्या त्यात स्वच्छ असते तिथून घेई आणि ते न गाळताच नळांना सोडी. आल्टोना होतं नदीच्या खालच्या अंगाला. हँबुर्गच्या सहा लाखांहून अधिक माणसांचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी त्याच्या वाट्याला येई. आल्टोना ते वाळूतून गाळून घेई. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पटकीची (दूषित पाण्यातून पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या भयंकर रोगाची) साथ आली.

"मग आल्टोनात जास्त माणसं गेली असतील," शलाका म्हणाली.

आजीने बोट फिरवलं. जिथे जिथे माणसं आजारी पडली त्या घरांवर तांबडे ठिपके उमटले. हँबुर्ग तांबडंलाल झालं. आल्टोनात मात्र ठिपके विरळ होते. दोन शहरांच्या हद्दीवरचा एक रस्ता आजीने मोठा करून दाखवला. रस्त्याची एक बाजू हँबुर्गची, दुसरी आल्टोनाची. हँबुर्गच्या बाजूला ठिपक्यांची रांग होती आणि समोरची बाजू जवळजवळ कोरी होती. हद्दीजवळ हँबुर्गच्याच जागेत एक मोठी चाळ होती, पण तिला नळ आल्टोनाचा होता. ती चाळही कोरी.

शलाकाने आपला कागद त्या रस्त्याशेजारी ठेवला. दोन्ही चित्रं एकसारखी दिसत होती.

"हवा असती तर ती रस्ता ओलांडून गेली असती," ती हळूच म्हणाली. "पाणी नळाबाहेर जात नाही."

त्या साथीत हँबुर्गमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसं दगावली, असं आजीने सांगितलं. पण नकाशा पाहिल्यावर वाद घालायला फारशी जागा उरली नाही. पुढच्या वर्षी हँबुर्गनेही वाळूच्या गाळण्या सुरू केल्या.

आता शलाकाच्या डोक्यात दुसराच गुंता झाला. वेळूपाटमध्ये तर दोन्ही बाजूंचं पाणी गाळलेलं होतं. नगरात हौद दोन होते. ओढ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. कोणत्या हौदाचं पाणी कोणत्या ओळीला जातं हे तिला माहीत नव्हतं. पण पलीकडचा हौद तिने सहलीत पाहिला होता. त्याच्या तळाच्या वाळूवर हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर होता. तिला वाटलं, घाण तिथलीच असणार. पाणीखात्यालाही तसंच वाटत होतं. बुधवारी सकाळी दहा वाजता पलीकडचा हौद घासून काढणार, अशी सूचना चौकातल्या फलकावर झळकत होती.

"चल, पाहून येऊ," आजी म्हणाली.

अलीकडच्या हौदावर निर्मळ होता. निर्मळ हा सफाईचा यंत्रमानव. त्याला सहा रबरी पाय आणि पुढे रुंद, सपाट खोरं होतं. दरड कोसळण्याच्या आठवडाभर आधीच तो नगरात दाखल झाला होता. हौदातलं पाणी इतकं नितळ होतं की तळाची वाळू सोन्यासारखी चमकत होती. ओढ्यावरचा पूल अरुंद असल्यामुळे निर्मळ पलीकडे जाऊ शकत नसे, त्यामुळे तिकडचा हौद अजूनही म्हातारे धाकूकाका नाखवा सांभाळत. ते आजीच्याच गावचे, तिला पाहून पूल ओलांडून आले. त्यांनी नळांचा आराखडा काढून दाखवला. सूतगल्लीची डावी ओळ अलीकडच्या हौदावर होती. उजवी ओळ त्या बुळबुळीत हौदावर.

शलाकाने आराखडा दोनदा पाहिला. चमकणाऱ्या हौदाचं पाणी पिणारे आजारी होते आणि शेवाळलेल्या हौदाचं पिणारे ठणठणीत. तिने निर्मळला विचारलं, "तू हा हौद कधी कधी साफ करतोस?"

"दररोज पहाटे सहा वाजता," निर्मळ म्हणाला. "घाण दिसली की काढायची, अशी मला सूचना आहे."

"घाण म्हणजे काय?"

"जे वाळू नाही ते."

 आजीने धाकूकाकांना विचारलं की ते वाळू कधी खरवडतात. काका ओशाळून म्हणाले की दोन महिन्यांतून एकदा, तीही वरची बोटभर, पाणी उतरायला फार वेळ लागू लागला तरच. आणि खरवडल्यावर बरेच दिवस त्या हौदाचं पाणी नळांना न सोडता ओढ्यात सोडून देतात. त्यांच्या गुरूने तसंच शिकवलं होतं, कारण विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

कारण आजीने सांगितलं. पूल ओलांडून तिघं आता पलीकडच्या हौदाच्या कठड्यावर बसली होती. वाळू गाळ अडवते, हे खरं. पण जंतू इतका लहान असतो की वाळूच्या दोन कणांमधली फट म्हणजे त्याच्यासाठी शाळेचं फाटक आणि तो त्यातून जाणारी मुंगी. नुसती वाळू त्याला पुरती रोखू शकत नाही. त्याला रोखतं ते हे वरचं बुळबुळीत. वाळूवरून संथ पाणी वाहू लागलं की दोन-तीन आठवड्यांत तिच्यावर शेवाळ आणि असंख्य सूक्ष्मजीव वस्ती करतात. त्यांची एक चिकट साय बनते. पाण्यातून आलेले रोगजंतू तिला चिकटतात आणि तिथलेच दुसरे इवले जीव त्यांना खाऊन टाकतात.

"म्हणजे गाळणी जिवंत आहे," शलाका म्हणाली.

"जिवंत आहे. जर्मनीत तिला श्मुट्सडेके म्हणतात. घाणीची चादर. नाव घाणीचं आणि काम सफाईचं."

साथीनंतरच्या हिवाळ्यात आल्टोनाच्या गाळण्यांवर बर्फ जमलं, असंही तिने सांगितलं. गोठलेल्या वाळूवर ती साय नीट टिकली नाही. आणि इतके दिवस वाचलेल्या आल्टोनातही पटकीचे रोगी दिसू लागले. वाळू तीच होती. फक्त तिची चादर फाटली होती.

निर्मळ तीच चादर रोज पहाटे खरवडत होता. दरड कोसळेपर्यंत नदीत फारसे रोगजंतू नव्हते, शिवाय क्लोरीनही होतं, म्हणून कोणाला काही झालं नाही. नळी फुटली, शिल्लक क्लोरीनही हळूहळू संपलं, आणि मग उघडी वाळू तेवढी मध्ये उरली. पाणीखात्याचं यंत्र गढूळपणा (पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांचं प्रमाण) तेवढा मोजत होतं, आणि पाणी नितळच होतं. जंतूंच्या तपासणीचे नमुने जिल्ह्याला गेले होते, ते रस्त्याअभावी अडकून पडले होते.

आणि उद्या दहा वाजता हीच सफाई पलीकडच्या हौदाचीही होणार होती. तसं झालं असतं तर नगरात निर्धोक पाण्याचा एकही नळ उरला नसता.

आजीने दोन्ही हौदांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेतले. घरी येऊन तिने काचेच्या बशांत जंतूंचं खाद्य ओतून थिजवलं आणि त्यावर एकेक थेंब पाणी पसरलं. एका बशीवर शलाकाने 'अलीकडचा' असं लिहिलं आणि दुसरीवर 'पलीकडचा'. बशा उबदार पेटीत ठेवल्या. पाण्यातला प्रत्येक जंतू ऊब आणि खाद्य मिळालं की वाढतो, त्याचे लाखो होतात, आणि डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका तयार होतो. त्याला वेळ द्यावा लागतो. शलाकाने विचारलं की हे लवकर होणार नाही का. आजी म्हणाली की जंतूंना कोणी घाई करू शकत नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला त्यांनी पेटी उघडली. शलाकाने दोन्ही बशांकडे पाहिलं, त्या हातात घेतल्या आणि ती चपला न घालताच धावत सुटली.

ओढ्यावर रुंद फळ्या टाकून झाल्या होत्या. निर्मळचे दोन पाय फळीवर होते. पाणीखात्याच्या प्रमुख दळीबाई कठड्यापाशी उभ्या होत्या. आठवडाभर लोकांची बोलणी खाऊन त्यांचे डोळे खोल गेले होते. शलाकाला दम लागला होता. तिने दोन्ही बशा त्यांच्यापुढे धरल्या. 'अलीकडचा' लिहिलेली बशी ठिपक्यांनी गच्च भरली होती. 'पलीकडचा' लिहिलेलीत तीन ठिपके होते.

दळीबाईंनी बशा उन्हाकडे धरून पाहिल्या. "नावं उलटी तर नाही ना लिहिलीस?"

"नाही," शलाका म्हणाली. "आम्हालाही आधी उलटंच वाटलं होतं." मग तिने सूतगल्लीचा कागद पुढे केला आणि पेरूपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. पेरूचं सांगताना तिला आता रडू आलं नाही. तोवर आजीही येऊन पोहोचली होती, पण ती मध्ये बोलली नाही.

दळीबाईंनी कागदावरच्या दोन्ही ओळी बोटाने मोजल्या. मग त्यांनी निर्मळला मागे फिरायला सांगितलं.

त्याच दिवशी अलीकडच्या हौदाचे नळ बंद झाले आणि त्याचं पाणी ओढ्यात सोडलं जाऊ लागलं. साऱ्या नगराला पलीकडच्या हौदाचं पाणी दिवसातून दोन तास मिळू लागलं, तेही उकळून प्यायचं, असा घरोघर निरोप गेला. कुरकुर झाली, पण पाच-सहा दिवसांत इस्पितळात नवा रोगी येईनासा झाला. या साथीत एकही माणूस दगावला नाही. आठवड्याने रस्ता मोकळा झाला, वरच्या गावची नळी दुरुस्त झाली आणि क्लोरीनचे पिंपही आले, पण साय नीट जमेपर्यंत अलीकडचा हौद बंद आणि पाणी उकळणं चालूच ठेवायचं ठरलं.

निर्मळला काय काम द्यायचं हा प्रश्न होता. शलाकाने त्याला हौदाच्या काठावर बसून फक्त पाहायला सांगितलं. रोज संध्याकाळी तो अहवाल देई. पहिल्या दिवशी, वाळू स्वच्छ. सहाव्या दिवशी, वाळूवर घाण आहे, काढलेली नाही. पंधराव्या दिवशी त्याने शब्द बदलला. वाळूवर साय आहे, असं तो म्हणाला. शलाका शाळा सुटल्यावर कान्हाला घेऊन तिथे जाई. कान्हा आता इतका तरतरीत झाला होता की त्याला कठड्यावरून खाली उतरवताना तिची दमछाक होई. आजीने तिला त्या सायीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, तेव्हा हिरव्या धाग्यांच्या जंगलात एक पारदर्शक जीव गरगर फिरत जंतू गिळताना तिला दिसला. ती तासभर तिथून हलली नाही.

तेविसाव्या दिवशीच्या बशीत चार ठिपके आले. नळ सोडले गेले. पाण्यात पुन्हा थोडं क्लोरीन पडू लागलं आणि उकळण्याची सक्ती उठली. शलाकाच्या आईने गॅसवरचं भलंमोठं पातेलं उतरवून पालथं घातलं आणि कितीतरी दिवसांनी ती दुपारी निवांत झोपली.

घाटाच्या पायथ्याशी अशी आणखी अकरा नगरं वसत होती. प्रत्येकात वाळूचे हौद बांधले जाणार होते आणि प्रत्येक हौदावर निर्मळसारखा यंत्रमानव असणार होता. दळीबाईंनी त्या सगळ्यांसाठी नवी सूचना लिहायचं काम आजी आणि शलाकाकडे सोपवलं. दोघींनी चार पानं लिहिली आणि खोडली. शेवटी एकच ओळ ठेवली. वाळूवर नवीन काही दिसलं तर काढण्याआधी विचारावं. खाली शलाकाच्या घरचा संपर्क क्रमांक दिला.

एका रविवारी सकाळी कान्हा अंगणात लगोरीचे दगड रचत होता, तेव्हा पहिला संदेश आला. चाळीस मैलांवरच्या नगरातल्या कुठल्याशा यंत्रमानवाने लिहिलं होतं की हौदात काहीतरी हिरवं उगवलं आहे, काढू का?

शलाकाने तिथल्या तिथे उत्तर पाठवलं. "हात लावू नकोस. मी आजीला घेऊन येते."